साभार परत आल्यानंतर

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तासगाव, पलूस, मिरजेकडच्या एखाद्या द्राक्षबागेत गेलात, तर एक गोष्ट तुमच्या नजरेस पडेल. बाग उतरू लागली की सगळा माल एकाच वाटेने जात नाही. परदेशी जाणारा माल निवडणारी माणसे घड हातात घेतात, मण्यांचा आकार पाहतात, गोडी पाहतात, डाग पाहतात आणि सांगतात, हा चालेल, हा नको. आता 'नको' म्हटलेला घड बागवाला उकिरड्यावर फेकतो काय? मुळीच नाही. काही माल पेट्या भरून आपल्याच देशातल्या बाजाराला जातो. काही शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि दोनएक आठवड्यांनी त्याचा बेदाणा होतो. थोडा मात्र खरोखरच नासका निघतो; तो टाकावाच लागतो. बागवाला शहाणा असतो. 'नको' हा शब्द कानावर आला की तो प्रथम विचारतो, "का नको?" आणि त्या उत्तरावरून मालाची पुढची वाट ठरवतो.

मी काही बागवाला नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. आता साताऱ्यास घरी असतो. माझा माल म्हणजे कागद. आणि हा कागदाचा माल जेव्हा 'नको' म्हणून परत येतो, तेव्हा आम्ही शिकली-सवरलेली माणसे त्या बागवाल्याइतके शहाणपण दाखवत नाही, हे मी आज तुम्हांला सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक कबुलीही आहे. ती ओघाने येईलच.

प्रथम शोधनिबंध म्हणजे काय ते पाहू. कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी शेतकी अधिकारी एखादी गोष्ट वर्षानुवर्षे मोजतो, पडताळतो आणि जे हाती लागले ते आठ-दहा पानांत लिहून काढतो. तो झाला शोधनिबंध. तो छापण्यासाठी संशोधन-पत्रिका असतात. लंडनमध्ये १६६५ साली अशी एक पत्रिका सुरू झाली, ती आजही चालू आहे. अशा पत्रिकेकडे निबंध गेला की संपादक तो त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे पाठवतो. यांना परीक्षक म्हणायचे. बहुतेक वेळा हे लोक एक पैसाही घेत नाहीत आणि त्यांची नावे लेखकाला कळत नाहीत. ते निबंध वाचून आपले मत कळवतात. मग संपादक एक तर म्हणतो 'छापतो', नाही तर म्हणतो 'अमुक दुरुस्त्या करून पाठवा', किंवा मग ते दोन शब्द येतात: साभार परत. पूर्वी हा लिफाफा पोस्टमन आणून देई, आता तो ई-मेलने येतो. पण पोटात कालवायचे ते तसेच कालवते.

तर अशा परत आलेल्या निबंधाचे पुढे काय होते?

आधी तो परत का येतो ते पाहू, कारण सगळे 'नको' सारखे नसतात. कधी कधी निबंधात काहीच खोट नसते, नुसती जागा नसते. हान्स क्रेब्ज नावाचे शास्त्रज्ञ १९३७ साली इंग्लंडात शेफील्डला काम करीत होते. आपण खाल्लेल्या अन्नापासून शरीराला शक्ती कशी मिळते, त्या रासायनिक क्रियांचे एक चक्र त्यांनी शोधून काढले. तसे टिपण त्यांनी 'नेचर' या नामांकित पत्रिकेकडे धाडले. संपादकांचे उत्तर आले की सात-आठ आठवडे पुरतील एवढी पत्रे आमच्यापाशी आधीच पडून आहेत, तेव्हा तूर्त घेता येत नाही. क्रेब्ज यांनी काय केले? कपाळाला हात लावून बसले नाहीत. तोच मजकूर नीट वाढवून त्यांनी हॉलंडमधल्या 'एन्झायमोलॉजिया' या पत्रिकेकडे पाठवला आणि त्याच वर्षी तो छापून आला. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांना 'क्रेब्ज चक्र' पाठ करावे लागते, ते हेच.

दुसऱ्या प्रकारचा 'नको' म्हणजे निबंधात खरोखरच चूक असते. आणि चूक कोणाचीही होते बरे का! आइन्स्टाइनसारख्याचीसुद्धा. १९३६ साली त्यांनी रोझेन या सहकाऱ्याबरोबर एक निबंध लिहिला. गुरुत्वाकर्षणाच्या लहरी असूच शकत नाहीत, असा त्याचा रोख होता. अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू' या पत्रिकेने तो परीक्षकाकडे पाठवला. परीक्षकाने पानेच्या पाने शंका काढल्या. आइन्स्टाइन रागावले. छापायला दिलेला निबंध आम्हांला न विचारता परक्याला दाखवलात कसा, असे त्यांनी संपादकाला लिहिले आणि निबंध काढून घेतला. पुढे तो त्यांनी दुसऱ्या पत्रिकेला दिला. पण छापून होण्यापूर्वीच चूक लक्षात आली आणि त्यांनी निष्कर्षच बदलला. १९३७ साली निबंध निघाला तो सुधारलेला. त्या अनोळखी परीक्षकाचे म्हणणे खरे होते. या लहरी पुढे २०१५ साली प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. पाहा, राग आला म्हणून परीक्षक चुकीचा ठरत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे निबंध चांगला, पण दार चुकलेले. हळदीची पोती घेऊन कोणी गुळाच्या अडतीवर गेला तर अडत्या काय करणार?

आता परत आलेल्या निबंधापुढे वाटा कोणकोणत्या, ते पाहू. पहिली वाट दुसऱ्या पत्रिकेची. ही वाट किती लोक चालतात, याचा हिशेब काही अभ्यासकांनी मांडला आणि तो २०१२ साली 'सायन्स' या पत्रिकेत आला. जीवशास्त्राच्या ९२३ पत्रिका त्यांनी घेतल्या आणि २००६ ते २००८ या काळात तिथे छापून आलेल्या निबंधांच्या लेखकांना विचारले की बाबांनो, हा निबंध आधी कुठे पाठवला होता? असे दिसले की शंभरातले सुमारे पंचाहत्तर पहिल्याच दारी घेतले गेले होते. उरलेले पंचवीस दुसऱ्या-तिसऱ्या दारी लागले. आणि मौज अशी की जे एका पत्रिकेकडून परत येऊन दुसरीकडे छापले गेले, त्यांचा उल्लेख पुढच्या अभ्यासकांनी सरासरीने अधिक केला. याची कारणे काहीही असोत; परत येणे, दुरुस्त होणे, पुन्हा जाणे यात निबंधाला पाणी चढत असावे, असे म्हणायला जागा आहे.

पण दुसरे दार शोधताना ते त्या मालाचे हवे. एकाच माणसाचे दोन दाखले देतो. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी तुम्हांला इतिहासकार म्हणून ठाऊक असतील. मुळात ते गणिती. आनुवंशिक गुणांच्या अंतराचे त्यांचे एक सूत्र १९४४ साली आनुवंशशास्त्राच्या एका इंग्रजी पत्रिकेत छापून आले. पिकांच्या नव्या जाती काढणारे लोक ते सूत्र आजही वापरतात, आणि त्याला कोसंबींचेच नाव आहे. त्याच कोसंबींनी १९५९ साली रीमान यांच्या अनुमानाची सिद्धता सापडल्याचे मांडले. हे अनुमान अविभाज्य संख्यांविषयीचे, १८५९ पासून जगातल्या भल्याभल्यांना न सुटलेले. ही सिद्धता छापली कुठे? तर भारतीय शेतकी संख्याशास्त्राच्या पत्रिकेत. त्या विषयाची पारख करणारे परीक्षक तिथे कुठून असणार? जाणकारांना ती सिद्धता पटली नाही, आणि अनुमान अजूनही न सुटलेलेच आहे. माणूस तोच, बुद्धी तीच. कडक पारख होईल अशा दारी गेलेले काम टिकले.

दुसरी वाट स्वतः छापण्याची. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे गणिताचे शिक्षक होते. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी शाळेतच शिकवले. बी.एस्सी.च्या पुढची पदवी नव्हती. आकड्यांशी खेळण्याचा नाद मोठा. आपल्याकडच्या गणितज्ञांनी त्यांचे काम आरंभी फारसे मनावर घेतले नाही. तेव्हा मास्तर काय करीत? लहानसहान पत्रिकांत छापीत, नाही तर पदरमोड करून पुस्तिका काढीत. शिक्षक बंधुभगिनींनी उद्या वर्गात एक गंमत करून पाहावी. चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत. समजा ३५२४ घेतली. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ५४३२, लहानाकडून मोठ्याकडे मांडा, २३४५, वजा करा. आले ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येणार. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही तिथेच पोचता. हा कापरेकरांचा शोध १९४९ चा. १९५५ साली तो न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या पत्रिकेत आला, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. दरम्यान हे गृहस्थ गप्प बसले नव्हते, हा त्यातला बोध. पुस्तिका लहान असली तरी तिच्यावर लेखकाचे नाव होते, आणि हिशेब उघडा होता. ज्याला हवे त्याने करून पाहावा.

तिसरी वाट आहे ती मात्र वाट नव्हे, खड्डा. तीही सांगायलाच हवी.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांची पद्धत आणली. छापलेल्या निबंधालाही गुण ठरले. हेतू असा की शिक्षकांनी नुसते शिकवू नये, शोधही घ्यावा. पण जिथे गिऱ्हाईक तिथे दुकान! पैसे भरा, आठवड्यात निबंध छापतो, असे सांगणाऱ्या पत्रिका पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. परीक्षक नाही, शंका नाही, दुरुस्ती नाही. चांगल्या पत्रिकेने परत केलेला निबंध चुकीसकट इथे छापून मिळू लागला.

माझ्या ओळखीच्या एका तरुण प्राध्यापकाने असेच केले. दोनदा निबंध परत आला, तिसऱ्यांदा त्याने पैसे भरले. वर्षभराने त्याला आपलीच चूक ध्यानात आली आणि दुरुस्ती छापा म्हणून त्याने लिहिले. उत्तर येईना. दिलेल्या पत्त्यावर चौकशी केली तर तिथे पत्रिकाही नाही आणि संपादकही नाही. "सर, आता ती चूक माझ्या नावावर कायमची राहिली," असे तो म्हणाला. मला त्याच्या पैशांपेक्षा या वाक्याचे वाईट वाटले.

हा एकट्यादुकट्याचा प्रकार नव्हे. आयोगाने मान्य पत्रिकांची जी यादी केली होती, तिच्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांची तपासणी पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी शेकडा ८८ हून अधिक पत्रिका कसोटीला उतरल्या नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढून टाकल्या. मग 'केअर' नावाची नवी व्यवस्था आली, तिचे काम पुणे विद्यापीठात चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही यादी बंद केली. दरम्यान २०२२ साली पीएच.डी.साठी आधी निबंध छापून आणण्याची सक्तीही काढली. म्हणजे आज पत्रिका चांगली की वाईट हे पाहणे पुन्हा लेखकाच्या आणि त्याच्या संस्थेच्या अंगावर आले. तसे पाहिले तर ते आपले कामच आहे. बियाण्याची पिशवी घेताना आपण दुकानदाराची पाटी पाहून थांबत नाही, उगवण कशी आहे ते शेजाऱ्याला विचारतो. तसेच इथे विचारावे. संपादक कोण? त्याला आपण गाठू शकतो का? आपल्या विषयातली मातब्बर माणसे इथे लिहितात का? आणि मुख्य म्हणजे, इथून कधी कोणाचा निबंध परत येतो का? जो कोणालाच 'नको' म्हणत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत ती किती!

आता चौथी वाट, पेटीची. ही माझी स्वतःची, आणि कबुली ती हीच.

टेंभू योजनेचे पाणी तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूपाशी कृष्णेचे पाणी उचलून ते पुढे आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत नेले आहे. ते पाणी यायच्या आधीची गोष्ट. आटपाडीकडच्या चार गावांतल्या काही विहिरी मी निवडल्या आणि चार वर्षे, दर महिन्याला, पाण्याची पातळी मोजली. दोरी, दोरीला वजन आणि वही, एवढेच माझे सामान. एका विहिरीचे मालक तात्या स्वतः दोरी सोडायला येत. ऊन असो, काही असो, चुकले नाहीत.

निबंध लिहिला आणि एका पत्रिकेकडे पाठवला. तीन महिन्यांनी तो साभार परत आला. सोबत परीक्षकाची दोन पाने होती. मी पहिल्या चार ओळी वाचल्या, रागाने कान तापले, आणि सगळे कागद पेटीत टाकले. 'यांनी आटपाडी पाहिली तरी आहे काय?' असे मी घरात मोठ्याने म्हणाल्याचे आठवते.

पुढे बऱ्याच दिवसांनी बाजारात तात्या भेटले. म्हणाले, "मास्तर, आमच्या हिरीचं छापून आलं का वो?" मी काहीतरी पुटपुटलो आणि चालू लागलो. त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही. ते गेल्याचे मागाहून कळले.

श्रोतेहो, हरिपूरला हळदीची पेवे होती, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचे; वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नसे. आम्हां शिक्षकांना वाटते, आपली पेटीही तशीच. पण तसे नाही. २००५ च्या महापुरात पेवांतही पाणी शिरले आणि हळद गेली. कागदाला तर पुराचीही गरज नाही, वाळवी पुरते. आणि वाळवी लागली नाही तरी आत पडलेली माहिती कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणजे ती नसल्यासारखीच.

अलीकडे एक तरुण शिक्षिका माझा पत्ता शोधत साताऱ्यास आल्या. टेंभूचे पाणी आल्यावर विहिरींत काय फरक पडला, याचा त्या अभ्यास करीत आहेत. आजची पातळी त्या मोजतात. पण पाणी येण्यापूर्वीची? ती आता कोणालाच मोजता येणार नाही. ती वेळ गेली. कोणीतरी त्यांना सांगितले होते की फार पूर्वी एक मास्तर दोरी घेऊन हिंडत असत.

पेटी उघडली. तीन वह्या धड होत्या, चौथीची कडेची पाने वाळवीने खाल्ली होती. तळाशी परीक्षकाची ती दोन पाने सापडली. इतक्या वर्षांनी ती मी प्रथमच शेवटपर्यंत वाचली. त्यांत अपमान करणारे एक अक्षर नव्हते. विहिरी कोणत्या खडकात आहेत ते लिहा, पाऊस कोणत्या ठिकाणी मोजलेला ते लिहा. आणि काही विहिरींत मोजणी कठड्यापासून व काहींत जमिनीपासून केलेली दिसते, ती एकसारखी करा. एवढेच. आणि शेवटी एक ओळ होती, की अशा नोंदी दुर्मिळ आहेत, लेखकाने दुरुस्ती करून निबंध जरूर पुन्हा पाठवावा.

पंधरा दिवसांचे काम होते हो. पंधरा दिवसांचे! त्याला मी माझी अर्धी नोकरी घालवली.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, निबंध परत आला तर आठ दिवस रागवा. तेवढी मुभा आहे. नवव्या दिवशी परीक्षकाचे पत्र शेवटपर्यंत वाचा. जागा नव्हती, दार चुकले, की चूक आहे, हे तीन निरनिराळे करा. चूक असेल तर दुरुस्त करा, आणि चूक निष्कर्षाच्या मुळातच असेल तर तो निष्कर्ष सोडायलाही लाजू नका. दार चुकले असेल तर योग्य दार पाहा. कुठेच घेतले नाही, तर निदान नोंदी नीट लिहून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्याला सापडतील. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्याच्या दारी मात्र जाऊ नका.

आणि शेतकरी मंडळी, तुम्हांलाही एक विनंती आहे. तुमच्या विहिरीत कोणी दोरी सोडतो, तुमच्या बागेतली पाने नेतो, तुमच्या जनावराचे दूध मोजतो. त्याला पुढच्या हंगामात अवश्य विचारा, "त्याचं पुढं काय झालं?" हा प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क आहे. तात्यांनी तो मला एकदाच विचारला. आणखी दोनदा विचारला असता, तर कदाचित मी पेटी उघडली असती.

त्या शिक्षिकांनी आणि मी मिळून निबंध पुन्हा लिहिला आहे. आम्ही त्या विहिरींवर जाऊन कठडे मोजून आलो. ज्यांचे कठडे पडले आहेत, त्या विहिरींचे आकडे सरळ गाळले. निबंधाच्या शेवटी, दोरी सोडणाऱ्यांचे आभार मानले आहेत. गेल्या महिन्यात तो एका पत्रिकेकडे पाठवला. अजून उत्तर आलेले नाही.

परत आला, तर या खेपेस पत्र पुरते वाचीन.